गेटवे नसलेलं अपोलो बंदर

मुंबईच्या जुन्या पोस्टकार्डाचं वय काढायचं असेल तर त्यावर काय नाही ते आधी बघावं. अपोलो बंदराच्या कार्डावर ताजचा घुमट आहे आणि गेटवे नाही, म्हणजे फोटो १९०३ ते १९२४ यांच्या मधला. ताजही नाही, नुसताच यॉट क्लब आणि धक्क्यावर उभ्या घोडागाड्या, म्हणजे त्याच्याही आधीचा. रस्त्यावर ट्रामला घोडे जुंपलेले दिसले तर १९०७ च्या अलीकडे यायचं कारण नाही, कारण त्या वर्षी मे महिन्यात विजेची ट्राम सुरू झाली.

ही विद्या मी चोरबाजारात शिकलो. मटण स्ट्रीटवर ग्रामोफोनचे कर्णे आणि जहाजांचे दिवे यांच्या गर्दीत एका दुकानात बुटांच्या खोक्यात कार्डं भरून ठेवलेली असतात. मी शिक्क्यावरची तारीख वाचायला भिंग मागितलं तर दुकानदार चाचा म्हणाले, "मोहर छोडो, फोटो देखो." त्यांचं बरोबर होतं. एकच काचेची निगेटिव्ह वर्षानुवर्षं छापली जायची आणि दुकानात पडून राहिलेलं कार्ड आणखी कित्येक वर्षांनी कुणीतरी टपालात टाकायचं. शिक्का फक्त एवढंच सांगतो की फोटो त्यानंतरचा नाही.

पाठ कशी आहे हेही बघायचं. सुरुवातीच्या कार्डांच्या पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती, म्हणून मजकूर चित्राच्या कडेने कोंबलेला असतो, कधी थेट आकाशात लिहिलेला. १९०२ मध्ये इंग्लंडच्या टपालखात्याने पाठीवर मधोमध रेघ मारून अर्धी बाजू मजकुराला दिली आणि हळूहळू सगळीकडे तसंच झालं. आपल्याकडचं साधं, बिनचित्राचं पोस्टकार्ड याहून जुनं. ते १ जुलै १८७९ ला पाव आण्यात सुरू झालं.

रंगांवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नये. फोटो काळा-पांढरा, त्यावर रंग चढवायचा आणि छापायचं बहुतेक वेळा जर्मनीत. तिथल्या कारागिराने मुंबई कशाला बघितलेली असणार? माझ्याकडच्या एका कार्डावर भर दुपारी मालाडच्या दगडाच्या इमारती गुलाबी झाल्या आहेत आणि बैलगाडीवाल्याचं धोतर पोपटी आहे.

ही कार्डं खिशात घालून डेक्कन क्वीनने मुंबईला उतरलो आणि जिथे फोटो काढले असतील तिथे जाऊन उभं राहायचं ठरवलं. पहिला थांबा स्टेशनातच. फ्रेडरिक स्टीव्हन्सने उभारलेलं बोरीबंदरचं स्टेशन इतक्या कार्डांवर आहे की त्याला भाव म्हणून नाही. पण जुन्या कार्डात घड्याळाखालच्या कोनाड्यात राणी व्हिक्टोरिया उभी आहे, आणि आज रस्ता ओलांडून मान वर केली तर कोनाडा रिकामा. घुमटावरची 'प्रगती' मात्र जागेवर आहे.

हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग झाला, तरी कमानींखालची सावली तीच आहे. तिथून चालत फ्लोरा फाउंटनला. १८६४ चं हे कारंजं. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याचा तट पाडायला घेतला होता. चर्चगेट नावाचा खरोखरीचा दरवाजा इथेच आसपास होता आणि आज त्या नावाचं स्टेशन पश्चिमेला लांब आहे. तटाचे फोटो कार्डांच्या आधीचे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. भाऊ दाजी लाड तिचे सभासद आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढायचे. त्या काळच्या फोटोंत रस्ते ओस पडलेले दिसतात. माणसं होती, पण प्लेट इतकी मंद की चालणारा माणूस तिच्यावर उमटतच नसे. कारंज्याशेजारी आता हुतात्मा स्मारक आहे. त्यातल्या मशालवाल्या जोडीमुळे जुन्या कार्डाचा कोन साधता येत नाही, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

अपोलो बंदरावर मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. गेटवेसमोर जिथे आपण फोटो काढून घेतो, तिथे कार्डात पाणी आहे. ही जमीन भराव घालून तयार केली. २ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्ज उतरला तेव्हा त्याच्यासाठी तात्पुरता पांढरा मंडप ठोकला होता. त्याचं कार्ड निघालं आणि लोक अजून त्यालाच 'जुना गेटवे' समजून विकतात. जॉर्ज विटेटचा खरा गेटवे ४ डिसेंबर १९२४ ला खुला झाला. पुढे चोवीसच वर्षं होत नाहीत तोवर, २८ फेब्रुवारी १९४८ ला, याच कमानीखालून शेवटची ब्रिटिश पलटण बोटीत चढली. त्याचेही फोटो आहेत.

ताजविषयी एक. हॉटेल चुकून उलटं बांधलं आणि त्या धक्क्याने आर्किटेक्टने जीव दिला, ही गोष्ट तिथला प्रत्येक गाइड सांगतो. निव्वळ लोणकढी. पूर्वीचा दरवाजा मुद्दाम शहराच्या बाजूला होता, आता तिथे पोहण्याचा तलाव आहे. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य इमारत पुरी होण्याआधीच वारले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज आर्किटेक्टने तडीस नेलं. कार्डावर हॉटेलचं नाव ठळक असतं, वैद्यांचं कुठून असणार.

कार्डांवरचे पुतळे शोधायचे तर भायखळ्याला जावं लागतं. काळा घोडा म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सचा घोड्यावरचा पुतळा, अल्बर्ट ससून या व्यापाऱ्याने १८७९ मध्ये शहराला दिलेला. १९६५ मध्ये तो चौकातून उचलला आणि राणीच्या बागेत नेला. चौकात आता २०१७ पासून बिनस्वाराचा घोडा आहे. संगमरवरी राणी व्हिक्टोरियाही भायखळ्यालाच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला हा पुतळा तारघराजवळ कोरीव छत्रीखाली बसवला होता आणि कार्डवाल्यांचा फार लाडका होता. १८९६ मध्ये चाफेकर बंधूंनी त्याला डांबर फासून चपलांची माळ घातली. डाग निघता निघेनात, अखेर रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी ते काढले. माझ्याकडचं कार्ड त्यानंतरचं आहे, आणि राणी त्यावर धुतल्या तांदळासारखी. भिंग लावून बघितलं, कुठे काळा ठिपका सापडतो का म्हणून. नाही.

इथपर्यंत आल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. भायखळ्यापासून लालबाग-परळ हाकेच्या अंतरावर, पण खिशातल्या कार्डांत त्या बाजूचं एकही नव्हतं, आणि चाचांच्या खोक्यातही मला दिसलं नव्हतं. फोर्ट, मलबार हिल, मृतदेह ठेवायची पारश्यांची दोखमा, भेंडीबाजारातली गर्दी, मासे विकणारी कोळीण, एवढ्यावर कार्डांची मुंबई संपते. बोटीतून उतरलेल्या माणसाला घरी पाठवावीशी वाटेल अशी ती मुंबई. अपवाद एम. व्ही. धुरंधरांचा. जे. जे. कलाशाळेतल्या या कोल्हापूरच्या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्डांसाठी चित्रं काढली, त्यांतल्या नऊवारीतल्या बायका ठसक्यात चालतात, कुणाचा नमुना म्हणून उभ्या केलेल्या वाटत नाहीत.

गिरणगावातून टपाल जात नव्हतं असं थोडंच आहे? ते कोकणात आणि घाटावर जात होतं. आमच्या घरी आजोबांचा तसा एक फोटो आहे. परळच्या गिरणीत लागल्यावर गिरगावातल्या स्टुडिओत काढलेला आणि मनीऑर्डरीपाठोपाठ संगमेश्वरकडच्या गावी पाठवलेला. मागे रंगवलेला पडदा: खांब, जिना, तळं, हंस. कोट स्टुडिओचा, टोपी त्यांची. गिरणी नाही, चाळ नाही, भोंगा नाही. म्हणजे त्यांनीही घरी पाठवली ती न पाहिलेलीच मुंबई. जर्मनीतल्या त्या कारागिरावर मी उगाच हसलो होतो.

लालबागच्या पुलावरून गिरण्यांच्या उरलेल्या चिमण्या अजून दिसतात. गाडीतून फोटो नीट येत नाही.

कुणाला जायचं असेल तर: राणीची बाग आणि शेजारचं संग्रहालय बुधवारी बंद. चोरबाजारातली पक्की दुकानं शुक्रवारी बंद, पण त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुना बाजार भरतो. कोऱ्या कार्डाला भाव जास्त सांगतात, मी लिहिलेलीच घेतो. आणि कुणाच्या घरी गिरणगावचं जुनं कार्ड असेल, अगदी फाटकंसुद्धा, तर कळवा. विकत मागणार नाही, बघायला येईन.