आमची वाटचाल : मुक्या स्क्रिप्टांना वाचा फुटली तेव्हा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात एका जुन्या घराच्या माडीवर आमची कंपनी सुरू झाली, आणि वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर करून देणे हेच आजही आमचे मुख्य काम आहे. पॅकेज, म्हणजे ग्राहकाकडे बसवायची सॉफ्टवेअरची फाइल, तयार करणाऱ्या पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्क्रिप्ट आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, म्हणजे आम्हा सर्वांच्या काकांनी, लिहिल्या होत्या. त्या रोज रात्री निमूटपणे चालत, आणि हा निमूटपणाच आम्हाला महागात पडला.

मकरपुऱ्यातील एका ग्राहकाने आधीची आवृत्ती परत बसवून मागितली, तेव्हा ती आमच्याकडे शिल्लकच नव्हती. नव्याने घातलेल्या एका ओळीत मी स्वतः 'व्हर्जन'ऐवजी 'व्हेरिझन' टाइप केले होते. बंधन घातले नसेल, तर पर्ल असे अनोळखी नाव नवा ग्लोबल व्हेरिएबल (मूल्य साठवणारे, सगळीकडे चालणारे नाव) मानते आणि मजकुरात त्या जागी काहीच उमटत नाही. परिणामी प्रत्येक पॅकेजला क्रमांकाविना एकच नाव मिळून कालच्या फाइलवर आजची फाइल चढत होती. हे बंधन घालणारे 'यूज स्ट्रिक्ट' 1994 च्या पर्ल 5 मध्येच आले होते, पण आमच्या एकाही स्क्रिप्टमध्ये ते नव्हते.

उत्साहाच्या भरात मी एका संध्याकाळी ते सगळीकडे घातले आणि दुसऱ्या दिवशी बिल्डच, म्हणजे पॅकेज तयार होण्याचे कामच, झाला नाही. मग एकेक फाइल घेऊन, 'पर्ल -सी'ने, म्हणजे स्क्रिप्ट न चालवता फक्त तपासणाऱ्या आज्ञेने, तपासत पुढे गेलो. खरी मेख मुख्य स्क्रिप्टमध्ये 'रिक्वायर'ने ओढल्या जाणाऱ्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये होती: तेथे सरसकट 'माय' लिहिल्याने व्हेरिएबल त्या फाइलपुरते उरले, मुख्य स्क्रिप्टमध्ये 'अवर' (म्हणजे फाइलींत सामाईक व्हेरिएबल) होते म्हणून स्ट्रिक्ट समाधानी राहिले, आणि फाइलचा मार्ग (पाथ) मात्र रिकामाच येत राहिला. तो घोटाळा, रिकामे व्हेरिएबल वापरल्यास लॉगमध्ये इशारा देणाऱ्या 'यूज वॉर्निंग्ज'ने पकडला; दोन्ही फाइलींत 'अवर' लिहिल्यावर तो मिटला. इशाऱ्यांनाच घातक ठरवावे, म्हणजे इशारा येताच स्क्रिप्ट थांबावी, असे एका तरुण सहकाऱ्याने सुचवले, पण बिल्ड अर्ध्यावर मरून अर्धवट पॅकेज मागे राहण्यापेक्षा सकाळी लॉग वाचणे मला परवडते.

नव्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आता पर्ल 5.36 ची मागणी असते, त्यामुळे 'स्ट्रिक्ट' आणि 'वॉर्निंग्ज' या दोन्ही तपासण्या आपोआप लागू होतात. जुन्यांत एकच सवलत उरली आहे: नावावरून सबरुटीन (नाव दिलेला कोडचा तुकडा) बोलावणाऱ्या चार ओळींच्या ब्लॉकमध्ये 'नो स्ट्रिक्ट रेफ्स' आहे, आणि त्यावर काकांनी स्वतः कारण लिहून ठेवले आहे.