फुनाफुती: कांदे बोटीवर अवलंबून

फिजीतल्या सुवाहून विमानाने अडीच तास. खाली जमीन दिसली ती इतकी चिंचोळी, की दोन्ही बाजूंचं पाणी एका नजरेत मावत होतं. पॅसिफिक महासागरातला देश तुवालू: नऊ बेटं मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे ११ हजार.

राजधानी फुनाफुतीची धावपट्टी अमेरिकनांनी १९४३ साली युद्धासाठी बांधलेली. संध्याकाळी तिच्यावर व्हॉलीबॉल रंगतो. विमान यायचं झालं की आधी भोंगा वाजतो.

दुसऱ्या दिवशी कांदे आणायला गेलो. नव्हते. बटाटेही नव्हते. “बोट आली की,” दुकानातल्या बाई म्हणाल्या. फळीवर होते कुप्याचे, म्हणजे ट्यूना माशाचे डबे, तेही परदेशातून आलेले! देश चालतो तो याच कुप्यावर. सात लाख चौरस किलोमीटरहून मोठा समुद्र त्यांच्या हक्काचा. तिथे जाळी टाकायला परकी जहाजं दिवसाच्या हिशेबाने पैसे मोजतात. सरकारची मोठी कमाई तीच. शिवाय तुवालूच्या वाट्याला आलेल्या ‘डॉट टीव्ही’ या इंटरनेट पत्त्यांचं भाडं आणि १९८७ साली उभारलेल्या निधीचं उत्पन्न. मग डबे इथेच का भरत नाहीत? मीही विचारलं. पण त्याला गोडं पाणी लागतं, आणि इथे नदी नाही, भूजल खारट, प्यायला छपरावरून टाकीत पडेल ते पाणी. २०११ मध्ये पावसाने दडी मारली तेव्हा आणीबाणी जाहीर झाली होती. पुलाका म्हणजे आपल्या अळूचा थोरला भाऊ. त्याच्या खड्ड्यांतही खारं पाणी शिरतंय.

जाणार असाल तर ऑस्ट्रेलियन डॉलर रोखच न्या. देशातलं पहिलं एटीएम एप्रिल २०२५ मध्ये आलं, त्यावर विसंबू नका. विमानं आठवड्यातून मोजकीच. माझं एक रद्द झालं आणि पुढची सगळी तिकिटं बुडाली, म्हणून परतीच्या वाटेवर फिजीत तीन-चार दिवस मोकळे ठेवा. औषधं घरून न्या. अंघोळ अर्ध्या बादलीत उरका. वापरलेले सेल परत आणा, तिथे कचरा टाकायला जागाच नाही.

ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार वर्षाला २८० जणांना तिकडे स्थायिक होता येतं. २०२५ च्या पहिल्या सोडतीसाठी, कुटुंबीय धरून, निम्म्याहून जास्त देशाने नावं दिली. मी उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंच्या मुलानेही दिलं होतं. त्या विषयावर बाई फारसं बोलत नसत.

बोट लागली ती नेमकी मी निघायच्या आदल्या रात्री. सकाळी बाईंनी ऑम्लेटात कांदा घातला, ताट पुढे ठेवलं, आणि भोंगा वाजला.