बाबांच्या येझदी मोटरसायकलची हेडलाइट रिंग

आजचा अख्खा दिवस पडवीत या एका रिंगेपाशी गेला. मालवणच्या खाऱ्या वाऱ्याने मूळ क्रोम कधीच खाल्लेला, पापुद्रे बोटाला टोचायचे. ४०० आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने गंज काढला, प्राइमर मारला, वर चकचकीत काळा रंग. तो काळा आरशासारखा झाला तरच वरचा क्रोम स्प्रे उठतो. काल ओलसर हवेत घाई केली, तर सगळं पांढरट धुरकट. खरवडून परत पहिल्यापासून! आज ऊन कडक झाल्यावर वीतभर अंतरावरून पातळ हात मारत गेलो. तिसऱ्या हाताला रिंगेत माडाच्या झावळ्या दिसल्या आणि मी थांबलोच.

खरा क्रोम म्हणजे निकेलवर विजेने चढवलेला क्रोमियमचा थर. डब्यातला म्हणजे ॲल्युमिनियमची बारीक भुकटी. वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारला की चमक थोडी उतरते, तरी मी मारणारच. इथल्या हवेत त्याशिवाय टिकायचा नाही. सायलेन्सरला मात्र हा साधा स्प्रे लावू नका, तापला की करपतो.

संध्याकाळी बाबा चष्मा पुसून बराच वेळ रिंगेत वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "फाल्या सकाळीच बसवया."