एका प्लॅस्टिकच्या शीटसाठी म्हणे बीआयएस सर्टिफिकेट

माझ्याकडे आयबीएमचा १९९५ चा लॅपटॉप, थिंकपॅड ७०१सी आहे, तोच तो, झाकण उघडलं की ज्याचा कीबोर्ड दोन्हीकडे पसरतो. यंदा पावसाळ्यात उघडला तर स्क्रीनवर बुडबुडे, कडेने डाग आणि व्हिनेगरचा भपकारा. एलसीडीच्या काचेवर जी पोलरायझर फिल्म (प्रकाश ठरावीक दिशेनेच जाऊ देणारा पातळ पापुद्रा) चिकटवलेली असते तिच्यात सेल्युलोज ॲसिटेट असतं, उष्ण दमट हवेत ते सडतं, ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि मग ते ॲसिडच पुढची सड वाढवतं. म्हणून असा लॅपटॉप हवाबंद डब्यात कोंडून ठेवू नका. आतली काच बहुतेक वेळा ठणठणीत असते, फक्त फिल्म बदलायची. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला मात्र जिथे विचारलं तिथे एकच, "पॅनल बदला साहेब", आणि पॅनल आहे का विचारलं तर नाही.

शेवटी चीनहून पोलरायझर शीट मागवली. ती मुंबईत आली आणि तिथेच बसली. केवायसी झालं, आधार पॅन सगळं दिलं, तरी स्टेटस होल्डच. फोन केला की पंधरा मिनिटं म्युझिक, मग दरवेळी नवीन माणूस आणि त्याला पहिल्यापासून कहाणी सांगायची. मग कळलं की विकणाऱ्याने इनव्हॉइसवर 'लॅपटॉप स्क्रीन' लिहिलंय, त्यामुळे कुरिअरवाल्यांना हवं होतं बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं सर्टिफिकेट. अहो, दोन कागदांएवढी जाड पारदर्शक शीट, तिला ना वायर ना प्लग! मी फोटो पाठवले, लिंक पाठवली, उत्तर आलं "काइंडली शेअर बीआयएस". तेच परत. इतका संताप आला की म्हटलं राहू दे तिथेच, नको मला.

सुटलं ते टॅरिफ कोडने, म्हणजे कस्टम्समध्ये प्रत्येक मालाला जो नंबर असतो त्याने. पोलरायझिंग मटेरियलच्या शीटला स्वतःचा कोड आहे, ९००१ २०. विकणाऱ्याकडून तो कोड आणि 'पोलरायझर शीट' एवढंच लिहिलेलं नवीन इनव्हॉइस घेतलं, मेलमध्ये कोड सगळ्यात वर टाकला, आणि जे इतके दिवस अशक्य होतं ते लगेच क्लिअर. ड्युटी आणि त्यांचे हँडलिंग चार्जेस मिळून शीटपेक्षा महाग पडले, तोही राग आहेच. तुम्ही मागवणार असाल तर ऑर्डर करतानाच हे लिहून घ्या.

पुढचं काम त्यामानाने सोपं. जुनी फिल्म कोपऱ्यातून, हेअर ड्रायरने कोमट करत, अगदी सावकाश सोलायची, काच दाबायची नाही. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा, वेळ जातो पण निघतो, फक्त कडेच्या रिबनपर्यंत (काचेला जोडलेल्या चपट्या केबलपर्यंत) जाऊ देऊ नका. नवीन शीट कापण्याआधी चालू स्क्रीनसमोर धरून फिरवून बघा, चित्र बरोबर दिसेल तो कोन, नव्वद अंश फिरवलं तर निगेटिव्ह दिसतं. चालू स्क्रीनजवळ हात सांभाळा, स्क्रीनमागच्या बॅकलाइटच्या ट्यूबला लॅपटॉपमधल्याच छोट्या इन्व्हर्टर सर्किटमधून शेकड्यांनी व्होल्ट जातात. चिकटवायचं काम मी बाथरूममध्ये गरम पाणी सोडून, वाफेने धूळ खाली बसल्यावर केलं, तरी एक कण अडकलाच, असू दे.

विंडोज ३.१ चा प्रोग्रॅम मॅनेजर लख्ख दिसला तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला, कुणाला काही पडलेली नव्हती. हो, आणि जुनी फिल्म सोलल्यावर लगेच टाकू नका, नवीन कापायला मापासाठी लागते, फक्त खिडकीत ठेवा, वास जात नाही.