ओएल ते ओबी

आजचा अख्खा रविवार एका वायरीपायी गेला.

लातुरात लाईटीचा भरवसा नाही, म्हणून दुकानात यूपीएस आहे. पण परवा मी जेवायला गेलो, लाईट गेली, बॅटरी संपली आणि कॉम्प्युटर धाडकन बंद. एका गिऱ्हाइकाची अर्धी टाईप केलेली लग्नपत्रिका गेली. यूपीएसला मागं यूएसबीचं भोक आहे, ते जोडलं की कॉम्प्युटर वेळेत आपणहून बंद होतो, हे माहीत होतं. जोडलं मात्र कधीच नव्हतं!

कॉम्प्युटरच्या लिनक्सवर नेटवर्क यूपीएस टूल्स हा यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्राम टाकला. आधी एका यूएसबी भोकाची अनेक भोकं करणाऱ्या हबमधून जोडलं, तर यूपीएस दिसायचा अन् गायब व्हायचा. हब काढून वायर थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात घातली. आता यादीत नाव ठाम दिसायला लागलं, पण ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रामचा यूपीएसशी बोलणारा भाग, म्हणे परवानगी नाही. दोन तास सेटिंग उकरत बसलो. शेवटी कळलं की परवानगीचा नियम वायर जोडताना लागू होतो, अन् माझी तर प्रोग्राम टाकायच्या आधीपासून जोडलेली. काढली, परत घातली. झालं!

घरून फोन, "अहो, तीन वाजले, जेवायला येताय की नाही?"

म्हटलं, थांब, एकदा यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून बघतो. काढला. पडद्यावर 'ओएल'चं, म्हणजे लाईटीवर चालूचं, 'ओबी' झालं, म्हणजे बॅटरीवर चालू. आमच्या पोरानं टाळ्या वाजवल्या. त्याला काय कळलं देव जाणे.

ती पत्रिका तेवढी आता परत टाईप करायचीय.