मिकी माउस नको, धक्का दाखव

हाँगकाँगच्या सहलीत एक अख्खा दिवस डिझनीलँडचा असतो. तिकिटांचे पैसे भरलेले असतात आणि नातवंडं महिनाभर त्याच दिवसाबद्दल बोलत असतात. निघण्याआधी वाशीच्या आमच्या ऑफिसात प्रवाशांची मीटिंग होती. प्रश्न ठरलेलेच: चहा मिळेल का, कांदा-लसूण नसलेलं जेवण आहे का, डॉलर इथूनच न्यायचे का. सगळे पांगल्यावर उलव्याचे एक काका-काकू मागे थांबले.

"बाय, मना तो मिकी माउस नको," काका म्हणाले. "मना तिथला धक्का दाखव."

काका न्हावा-शेवा बंदरात क्रेन ऑपरेटर होते. 26 मे 1989 ला ते बंदर सुरू झालं. घरची भातशेती त्यात गेली आणि प्रकल्पग्रस्त म्हणून काकांना नोकरी लागली. त्याच्या आधी, जानेवारी 1984 मध्ये, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क त्या लढ्यातून आला. काका तेव्हा त्या गर्दीत होते. पुढे सगळी नोकरी त्यांनी त्याच बंदराच्या उंच केबिनमध्ये बसून काढली. "हाँगकाँगवरनं आलेले कंटेनरचे डबे किती उचलले त्याला गणती नाय. ते सुटतात कुठनं, तेवढं बघायचंय."

माझ्या सोबतच्या टूर मॅनेजरने ग्रुप घेऊन डिझनीला जायचं आणि मी या दोघांबरोबर फिरायचं, असं ठरलं. ऑफिसने परवानगी दिली. मी स्वतः नेरुळची. बंदर माझ्या घरापासून लांब नाही, पण माझ्यासाठी ते म्हणजे करळ फाट्यावरची ट्रेलरची रांग. पाण्याच्या बाजूने ते मी कधी पाहिलेलं नव्हतं.

सकाळी चिम शा त्सुईच्या धक्क्यावरून स्टार फेरी पकडली. हिरव्या-पांढऱ्या रंगाची दुमजली बोट. हिला दोन्हीकडे तोंड असतं, त्यामुळे वळावं लागत नाही. बाकांच्या पाठी पुढे-मागे सरकतात. बोट परत निघाली की लोक पाठ ढकलतात आणि उलट्या दिशेला तोंड करून बसतात. ही फेरी 1888 मध्ये दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी सुरू केली. 1898 पासून तिचं नाव स्टार फेरी. मी हे सांगत होते, काकांचं लक्ष मात्र खलाशाकडे. निळ्या गणवेशातल्या त्या माणसाने लांब काठीच्या आकड्याने धक्क्यावरचा दोर ओढून घेतला, खुंटाला दोन वेढे दिले आणि बोट जागेवर आली. ना आरडाओरडा, ना धडक. "आमच्या मोऱ्याला लाँच लागते तवा निम्मा गाव वरडतो," काकू म्हणाल्या.

मोरा ते भाऊचा धक्का हा जलमार्ग उरणच्या लोकांच्या अंगवळणी पडलेला. पण मोऱ्याला गाळ साचतो, आणि मोठी ओहोटी लागली की लाँच बंद. इथे दहा मिनिटांच्या आत व्हिक्टोरिया हार्बर पार होतं, तेही चिल्लर पैशांत. ऑफिसला निघालेली माणसं, शाळकरी मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आज्या, सगळे एकाच बोटीत. बंदराच्या शहरात ज्याच्याकडे एकच दिवस आहे त्याने तो दिवस पाण्यावरून सुरू करावा, असं माझं आता पक्कं मत आहे. काचेच्या इमारती जगात सगळीकडे आहेत. ही फेरी नाही.

फेरी पलीकडे सेंट्रलला लागते. तिथल्या पाच नंबरच्या धक्क्यावरून च्युंग चाऊ बेटाची बोट सुटते. साधी बोट तासाभराने पोचते. आम्ही मुद्दामच साधी घेतली, कारण वाटेत काकांना जे दाखवायचं होतं ते सावकाश दिसायला हवं होतं.

बंदराच्या पश्चिमेला मोठी जहाजं नांगर टाकून उभी असतात. त्यांच्या कुशीला बार्ज, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटी, लागलेले, प्रत्येक बार्जवर एक लांब तिरका डेरिक, म्हणजे डबे उचलणारी क्रेन. इथे कित्येक जहाजं धक्क्याला लागतच नाहीत. भर पाण्यातच कंटेनर उतरवून बार्जवर घेतात. ही पद्धत हाँगकाँगची खासियत. धक्क्याचं भाडं वाचतं म्हणून ती इथे फोफावली. काका कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी एक उचल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली. कंटेनरच्या टपावर दोन माणसं चढली. चार कोपऱ्यांना हूक लावून बाजूला झाली. डेरिकने डबा उचलला तसा तो थोडा फिरला, आणि बार्जवरच्या एकाने दोरीने त्याचं तोंड सरळ केलं.

"आमच्याकडं स्प्रेडर असतो, डबा वरनं धरणारी चौकट," काका मला समजावू लागले. "चार कोपऱ्यांत चार ट्विस्ट लॉक. ते भोकात बसले की वळतात, हिरवा दिवा लागतो, मग उचलायचं. माणूस वर चढवायची गरज नाय. इथं बग, पोरगा डब्यावर उभा. पाय सटकला तर?" तेवढं बोलून ते गप्प झाले. टपावरचा पोरगा शिडीने खाली उतरेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.

क्रेन चालवणं म्हणजे काय, हे मला त्या बोटीवर कळलं. केबिन दहा-बारा मजल्यांच्या उंचीवर. तिच्या तळाला काच असते. ऑपरेटर पुढे वाकून स्वतःच्या दोन पायांमधून खाली बघत पाळीभर काम करतो. मान आणि कंबर त्यातच जाते. सगळं कसब झोक्यात आहे. ट्रॉली म्हणजे क्रेनच्या आडव्या दांड्यावरून पुढे-मागे धावणारा गाडा; डबा त्यालाच लोंबतो. ट्रॉली थांबली तरी खालचा डबा पुढे जातो, म्हणून तो पुढे गेला की त्याच क्षणी ट्रॉली त्याच्या डोक्यावर न्यायची. मग डबा मुकाट थांबतो. "ट्रॉली डब्याच्या मागं धावली पाहिजे, पण एकदाच. दोनदा धावली तर समजायचं, नवा हाय."

च्युंग चाऊला उतरलो आणि काकूंचा चेहरा खुलला. किनाऱ्यालगत मासेमारीच्या होड्या, दोरीला टांगलेले मासे, पसरलेली सुकट, आणि ओळखीचा वास. काकूंनी एका म्हातारीच्या दुकानातली सुकट चिमटीत घेतली, हुंगली, मान डोलावली. म्हातारीने बोटांनी भाव सांगितला. काकूंनी त्यातलं एक बोट मिटवलं. दोघी हसल्या, सौदा झाला. दुपारी आल्यात वाफवलेला मासा आणि भात खाल्ला. काकूंच्या मते तिखट हवं होतं, पण मासा ताजा होता.

बेटावर पाक ताय देवाचं देऊळ आहे, 1783 सालचं. दर्यावर्दी लोकांचा देव. काकूंनी चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेरून हात जोडले. तिथेच मी त्यांना चेक लॅप कॉकची गोष्ट सांगितली. ज्या विमानतळावर आम्ही उतरलो तो 6 जुलै 1998 ला सुरू झाला. त्याआधी ते डोंगराळ बेट होतं. डोंगर कापला, भोवती भराव घातला, बेटावरच्या गावकऱ्यांना तुंग चुंगला नवं गाव दिलं. दर्याची देवी तिन हाऊ हिचं त्यांचं देऊळही तिकडे नेऊन पुन्हा बांधलं.

काकूंचं माहेर नवी मुंबई विमानतळात गेलेल्या दहा गावांपैकी एक. उलव्याची टेकडी त्यांच्या डोळ्यांदेखत सपाट झाली. "मंग देवी तिथं नांदली का?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, लोक अजून पूजेला येतात. काकूंनी भिंतीपाशी बसून बराच वेळ माहेरच्या देवळाबद्दल सांगितलं: जत्रेला पालखी कुठून निघायची, कुठल्या घरी थांबायची, आणि नव्या ठिकाणी ती वळवायला रस्ताच कसा नाही. काकांनी मध्ये एक शब्द घातला नाही. माझ्या यादीत त्या दुपारसाठी व्हिक्टोरिया पीक होतं. मी ते तिथेच सोडून दिलं.

परतल्यावर हाँगकाँग स्टेशनवरून तुंग चुंग लाइनची गाडी घेतली. लाई किंगनंतर गाडी खाडीवरच्या पुलावर येते आणि डाव्या हाताला क्वाई चुंगची कंटेनर टर्मिनल्स दिसतात. निळ्या-लाल क्रेनची रांग, त्यामागे डब्यांच्या भिंती. पण गाडी लगेच त्सिंग यीला पोचते. काका म्हणाले, परत फिरू. आम्ही उलट दिशेच्या गाडीने मागे आलो, पुन्हा गेलो, दिवे लागेपर्यंत जात-येत राहिलो.  काकू खिडकीशी बसून सुकटीची पिशवी सांभाळत होत्या.

1990 च्या दशकात बहुतेक वर्षं हाँगकाँग हे जगातलं सगळ्यात जास्त कंटेनर हाताळणारं बंदर होतं. 2005 मध्ये सिंगापूर पुढे गेलं, नंतर चीनमधली बंदरंही गेली. काकांना याचं नवल नव्हतं. "जहाज जिथनं लवकर सुटतं तिथंच जातं. आमचा माल गुजरातला, मुंद्र्याला गेला तो असाच." मग एका क्रेनकडे बोट दाखवून म्हणाले, "हा बग, झोका नाय. हात चांगला हाय याचा." मला तीन क्रेन सारख्याच दिसत होत्या. त्यांनी फरक दाखवल्यावर खरंच दिसला: एकीचा डबा उतरताना खाली घुटमळत होता, त्यांनी दाखवलेलीचा थेट ट्रेलरवर बसत होता.

इथल्या एका टर्मिनलवर यार्डातल्या क्रेन आता खोलीत बसून, पडद्यावर बघून चालवतात, हे मी त्यांना सांगितलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "चांगलाच हाय. मान वाचंल पोरांची." आणि लगेच विचारलं, पडद्यावर डब्याची खोली कळते का, वारा कसा कळतो, एक माणूस किती क्रेन बघतो. माझ्याकडे उत्तरं नव्हती. सगळे प्रश्न मी वहीत लिहून घेतले.

परतीच्या दिवशी विमानतळाच्या रस्त्याला ही टर्मिनल्स अगदी कडेने लागतात. तिथे मी एरवी सामानाचं वजन आणि पासपोर्टच्या सूचना देते. त्या दिवशी माइक काकांच्या हातात दिला. बंदरात इतकी वर्षं काढलेला माणूस सुरुवातीला अडखळला, मग खिडकीबाहेर बघून बोलत सुटला. स्प्रेडर, ट्विस्ट लॉक, झोका. अख्खी बस एका बाजूला झुकली. डिझनीचे कान डोक्यावर घातलेला ठाण्याचा एक मुलगा उठून पुढे आला.

"आजोबा, एवढ्या वर चढायला लिफ्ट असते?"

"असते. बंद पडली तर जिना."

"मग डबा खाऊन झाल्यावर परत चढायचं?"

"डबा वरच न्यायचा," काका म्हणाले आणि डबा कुठे ठेवायचा, पाण्याची बाटली कुठे अडकवायची, हे त्याला सांगू लागले.