एका सुराचा सोलो

मागच्या शनिवारी आमच्या युनिव्हर्सिटी ऑर्केस्ट्राचा कॉन्चेर्टोचा कार्यक्रम झाला, म्हणजे एक सोलोइस्ट पुढे आणि साथीला अख्खा ऑर्केस्ट्रा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, "ऑर्केस्ट्रा म्हणजे, जुनी गाणी का रे?" तिची काय चूक, आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीचा मांडव, दोन गायक आणि एक कीबोर्डवाला. इकडे प्रकार असा की विद्यार्थ्यांची स्पर्धा होते, पियानोच्या साथीवर जो तो आपला कॉन्चेर्टो वाजवतो, आणि जिंकेल त्याच्या साथीला मग आम्ही पन्नास-साठ जण बसतो. मी पीएचडी करता करता हौसेखातर व्हायोला (व्हायोलिनचा जरा मोठा भाऊ) वाजवतो, सगळ्यात मागच्या रांगेत.

यंदा दोघं जिंकले. एक ट्रम्पेटवाला, त्याने संगीतकार हायडनचा १७९६ चा कॉन्चेर्टो मस्त वाजवला. त्या काळच्या साध्या ट्रम्पेटला खालच्या पट्टीत मोजकेच सूर यायचे, आंटोन वायडिंगर नावाच्या ट्रम्पेटवाल्याकडे चाव्या असलेला नवा ट्रम्पेट होता आणि हायडनने हे खास त्याच्यासाठी लिहिलं.

दुसरी आमच्याच फर्स्ट व्हायोलिनमधली मुलगी, केमिस्ट्रीची. तिचा संगीतकार मेंडेल्सोनचा ई मायनर पट्टीतला व्हायोलिन कॉन्चेर्टो, जो पहिल्यांदा १८४५ ला लाइपझिगमध्ये वाजला. यात सोलोइस्टला हात गरम करायला वेळच नाही, ऑर्केस्ट्राचे जेमतेम दीड बार (मोजक्या मात्रांचे तुकडे) होतात की लगेच ती सुरू. पहिल्या तालमीत पार गोंधळ झाला. ती कितीतरी महिने एकट्या पियानोवाल्याबरोबर वाजवत आलेली, तो तिच्या श्वासावर थांबायचा, आणि आम्ही म्हणजे मालगाडी, ती एखाद्या सुरावर जरा रेंगाळली की आम्ही पुढच्या स्टेशनात. मागच्या हॉर्नवाल्यांचा आवाज तर तिला उशिराच ऐकू यायचा. कंडक्टर सारखे ओरडत होते, कागदातून डोकं काढा, तिला ऐका! आपल्याकडचा कुठलाही तबलजी हे न सांगता करतो.

आणि मग त्यांनी सोलोइस्ट नीट ऐकू यावी म्हणून तंतुवाद्यांच्या मागच्या रांगा कमी केल्या. म्हणजे मी आउट. राग आला, खोटं कशाला बोलू.

पण त्यामुळे विंगेत उभं राहून सगळं ऐकता आलं. कडेन्झा, म्हणजे ऑर्केस्ट्रा गप्प आणि सोलोइस्ट एकटी, एरवी पहिल्या भागाच्या शेवटाकडे असतो आणि पूर्वी बरेचदा वाजवणाऱ्यावरच सोडलेला असायचा, मेंडेल्सोनने तो स्वतः लिहून काढला आणि मधेच आणून ठेवला. त्याच्या शेवटी तिचा बो (गज) चारही तारांवर उड्या मारत असतो आणि त्याच्यावर ऑर्केस्ट्रा हळूच मूळ धून उचलतो, म्हणजे आता ती आमच्या साथीला! तालमीत मी मात्रा मोजण्यात इतका गुंग की हे कधी कळलंच नव्हतं. काटा आला अंगावर.

तिसऱ्या भागात तिने तालमीपेक्षा भलताच वेग पकडला, बासरीवाल्यांची धांदल बघण्यासारखी होती.

पण खरी मजा पहिला भाग संपताना. तिथे सगळे थांबतात आणि 'बसून' नावाच्या लांबलचक फुंकवाद्याचा एक सूर तेवढा चालू राहतो, त्याचाच धागा धरून दुसरा भाग येतो, मधे टाळ्या पडू नयेत म्हणून असं केलं म्हणतात. आमचा बसूनवाला (माझा रूममेट) महिनाभर सांगत होता, माझा सोलो आहे, एका सुराचा. आणि नेमक्या तिच्या हॉस्टेलच्या पोरांनी बाल्कनीतून टाळ्या-शिट्ट्यांचा कहर केला. हा गाल लाल करून फुंकतोय, ऐकू कोणालाच येत नाही, कंडक्टरने मागे न बघता नुसता डावा हात त्याच्याकडे धरून ठेवला. टाळ्या विरल्या तेव्हा तो सूर तिथेच होता, बारीक, थोडा थरथरता.

नंतर पिझ्झा खाताना कबूल केलं त्याने, मधे चोरून श्वास घेतला होता. आता पुढच्या स्पर्धेसाठी तो मोझार्टचा बसून कॉन्चेर्टो बसवतोय. मला म्हणाला, तू असशील ना साथीला? म्हटलं, कापलं नाही तर.